खांबावरची एकतीस भोकं

पट्टीवाल्यांच्या स्वयंपाकघरातली फरशी भर दुपारी घामेजायची. बाहेर लख्ख ऊन, दोरीवरचे कपडे वाळून कडक झालेले, आणि आत ओट्याखाली फरशांच्या सांध्यांतून थेंब वर येत. वरून गळालं तर माणूस छपराकडे बघतो. खालून आलं तर बघायचं कुठं? काकू फडक्यानं टिपून घ्यायच्या, बादलीत पिळायच्या, आणि बोट जिभेला लावून सांगायच्या, "खारटच."

"अगं, मोरीचं असेल," पट्टीवाले पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

"मोरीचं पाणी चंद्र बघून येतं होय?"

त्यावर ते पान उलटायचे. बायकोचं खोटं ठरवणं त्यांना कधी जमलं नाही, आणि खरं मानायची सोय नव्हती. कारण समुद्र कुठवर येतो हे त्या गावात एकाच माणसाला अधिकारानं सांगता येत होतं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

एकतीस वर्षं ते बंदर कचेरीत समुद्राची उंची वाचत होते. धक्क्याच्या अगदी टोकाला, पाण्यात रोवलेल्या जाड लाकडी खांबावर एक लांब पट्टी ठोकलेली होती. पांढऱ्यावर काळे आकडे आणि वरच्या अंगाला, अगदी टोकाशी, बारीक लाल पट्टा. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच काम, पण त्यांनी ते पूजेसारखं केलं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. ताप अंगात असताना गेले. वडील गेले त्या दिवशीही घरातली रडारड मागं ठेवून गेले, आणि ओल्या डोळ्यांनी आकडा नीट दिसेना म्हणून दोनदा वाचून आले.

आणि एकतीस वर्षांत समुद्र बोटभरही वाढला नव्हता. वर्षातली सगळ्यात मोठी भरती दरसाल लाल पट्ट्यालाच टेकत होती.

त्यांचं घर खालच्या आळीत होतं. आळीत बेचाळीस घरं, आणि घरं आणि समुद्र यांच्यामध्ये झुडपांनी धरून ठेवलेली वाळूची लांबच लांब टेकडी. त्या वर्षी शाळेच्या भिंतीवर सरकारी कागद लागला. टेकडी सपाट करून तिथं कोळशाचं कोठार होणार. कागदाच्या शेवटी लिहिलं होतं : 'बंदर कचेरीच्या मागील एकतीस वर्षांच्या नोंदींनुसार भरतीच्या पातळीत कोणतीही वाढ आढळून आलेली नाही. सबब टेकडी हटविण्यास हरकत दिसत नाही.' खाली सुनावणीची तारीख, दहा दिवसांनंतरची, आणि जागा हीच शाळा.

आळीतली माणसं तो कागद वाचून घरी परतली. नोंदी वेगळ्या असत्या, तर कायद्यानं टेकडीला हात लावता आला नसता आणि घरांना वरच्या माळावर जागा मिळाली असती. पण एकतीस वर्षांच्या मोत्यासारख्या अक्षरापुढं कुणाच्या ओल्या फरशीला कोण विचारतंय?

शेजारचा होडीसुतार दुसऱ्याच दिवशी हातात पाण्याचा पेला घेऊन आला. माणूस थट्टेखोर, पण त्या दिवशी त्याचे डोळे हसत नव्हते.

"काका, घ्या. आमच्या विहिरीचं. मीठ घालूनच आलंय, वरून टाकायला नको."

"विहीर तुझी आणि दोष माझा का रे?"

"वही तर तुमची ना? तुमच्या वहीत समुद्र घरजावयासारखा, आखून दिलेल्या जागी बसतो. आमच्या परसात मात्र चोरपावलांनी येतो."

"जे दिसतं ते लिहितो मी. एक आकडा पदरचा घातला असेन तर डोळे जातील माझे."

"ते ठाऊक आहे हो," सुतार हळूच म्हणाला, "म्हणून तर भीती वाटते."

भीती वाटावी असंच होतं. पाणी गर्जना करत आलं असतं तर माणसांनी पळावं तरी. हे येत होतं ते आवाज न करता, भर उन्हात, जमिनीखालून. भरतीची वेळ झाली की आळीतली मांजरं एकेक करून कट्ट्यांवर चढून बसायची आणि सगळी मिळून जमिनीकडे टक लावून बघायची. दारं फुगून चौकटीत बसेनाशी झाली. सुताराच्या विहिरीतून कुणी घसा खाकरावा तसा आवाज यायचा. डोकावलं की पाणी स्थिर, आरशासारखं, आणि त्यात आपलाच चेहरा रोजच्यापेक्षा जरा जवळ. एका सकाळी पट्टीवाल्यांनी चप्पल घालायला कोपऱ्यातली पेटी उघडली, तर चपलेत एक खेकडा नांग्या मिटून शांत बसलेला. "पाहुणा आलाय," ते हसून म्हणाले. काकू हसल्या नाहीत. देवापुढची समई उचलून त्यांनी वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पाहुणा नाही. घर बघायला आलाय."

सुनावणीला चार दिवस उरले तेव्हा बंदराच्या साहेबांनी पट्टीवाल्यांना बोलावून घेतलं. साहेब वयानं लहान, बोलायला गोड.

"पट्टीवाले, सुनावणी घ्यायला वरून मॅडम येणार आहेत. सुनावणीआधी धक्का बघतील. खांब चकाचक करून ठेवा. सगळं प्रकरण तुमच्या वहीवर तर उभं आहे!"

छाती चार बोटं फुगवून ते घरी आले. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि एवढ्या मोठ्या कामात आपलं अक्षर उपयोगी पडावं, याहून काय हवं? काकूंनी मात्र त्यांना पाणी दिलं आणि काहीच विचारलं नाही. त्यांना ते जरा लागलं.

आता इथं पट्टीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातच आहे. वादळी दिवस संपले की दरवर्षी पट्टी खांबावरून उतरवायची, घासूनपुसून रंगवायची आणि पुन्हा लावायची. कुठं लावायची, हे त्यांना आधीच्या पट्टीवाल्यांनी शिकवलं होतं. ते म्हातारे कधीच वारले. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळं बोलताना त्यांच्या तोंडातून 'फुस्स' अशी हवा निसटायची. ते म्हणायचे, "लाटांनी पट्टी हलते रे. खांबावर भरवसा ठेवू नकोस, ते लाकूड आहे. पाण्याला विचार. वर्षातली मोठी भरती आली की ती जिथं टेकेल तिथं लाल पट्टा धर, आणि मधोमध ठोक खिळा. समुद्राला स्वतःची जागा ठाऊक असते. फुस्स." जुनं भोक मग डांबरानं बुजवायचं, म्हणजे लाकूड कुजत नाही. गुरूचा शब्द. एकतीस वर्षं त्यांनी तो मोडला नाही, आणि खांबाचं ते अंग कधी खरवडूनही पाहिलं नाही. त्यावर शंख-शिंपल्यांचा जाड थर चढलेला, त्याला हात कोण लावतो?

तो थर त्यांनी त्या दुपारी खरवडला.

ओहोटी होती. वारा पडलेला. धक्क्यावर चिटपाखरू नाही, आणि पाणी इतकं मागं गेलेलं की खाली काळा चिखल उन्हात चमकत होता. पट्टी उतरवून त्यांनी बाजूला टेकवली, शिडीवर उभे राहिले आणि खरवडणीनं शिंपल्यांचे पापुद्रे काढू लागले. वरून खाली. आधी आत्तापर्यंत खिळा होता ते भोक. त्याच्याखाली बोटभर अंतरावर डांबराचा एक काळा ठिपका. खरवडणीचं टोक लागलं तसं डांबर टपकन पडलं आणि भोक उघडं झालं. त्याच्याखाली बोटभर अंतरावर आणखी एक. मग आणखी एक.

ते खरवडत राहिले. भोकं खाली खाली जात राहिली, एका रेषेत, सारख्या अंतरावर, एखाद्या बारक्या प्राण्यानं चढून यावं अशी शिडी. त्यांनी मोजली. एकतीस. प्रत्येक त्यांच्या हातोडीची. आणि एकतिसाव्याच्या खालीही रेघ थांबली नव्हती. जुन्या पट्टीवाल्यांची भोकं तिथून चिखलाकडे उतरत गेली होती.

मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं झालं. मागं वळून पाहिलं, तर उन्हात पांढरा पडलेला रिकामा धक्का.

वर्षातली मोठी भरती जिथं येईल तिथं लाल पट्टा. दरवर्षी समुद्र बोटभर वर आला होता, आणि दरवर्षी त्यांनी आपल्या हातानं पट्टी बोटभर वर नेली होती, दर वेळी लाटांनी खाली सरकली असेल असं समजून. मग पाणी लाल पट्ट्यालाच टेकणार, दुसरं काय करणार? एकतीस वर्षं त्यांनी समुद्राची उंची समुद्राला विचारून लिहिली होती. चोराला विचारूनच चोरीची जबानी.

शिडी घट्ट धरून ते तसेच उभे राहिले. तेवढ्यात भरती फिरली. खाली चिखलात पाण्याची एक जीभ आली, खांबाच्या बुंध्याशी चढली, आणि आतून पोखरलेल्या त्या लाकडातली हवा वर सरकून सगळ्यात खालच्या भोकातून बाहेर पडली.

"फुस्स."

मग त्याच्या वरच्या भोकातून. मग त्याच्या वरच्या.

पट्टी पुन्हा लावायचं त्यांना सुचलं नाही. खिशातली सुतळी काढून सगळ्यात वरचं भोक ते आपलं पहिलं भोक एवढं अंतर मात्र मापून घेतलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि ते घराकडे निघाले. चालताना आपण जमिनीवर हलकं पाऊल टाकतोय, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. पट्टीवाल्यांनी सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. काकूंनी मधे एकदाही 'मी म्हणत नव्हते?' असं म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्यावरचा कपडा दूर केला आणि म्हणाल्या, "हे बघा."

डबा विटांवर उभा होता. एकावर एक सहा विटा.

"लग्न होऊन आले तेव्हा डबा जमिनीवर होता. पाच वर्षांनी बुडाला गंज धरला, मी एक वीट घातली. मग दुसरी. बुडाला ओल लागली की एक वीट. डबा मी कधी खाली घेतला नाही, आणि विटा कधी बदलल्या नाहीत."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही समुद्राला विचारत होतात."

पट्टीवाल्यांनी सुतळी काढली आणि एक गाठ फरशीला टेकवून विटांच्या कडेनं सरळ वर धरली. वरची गाठ सहाव्या विटेच्या काठावर नेमकी येऊन बसली. ना केसभर वर, ना केसभर खाली. दोघंही त्या गाठीकडे बघत राहिली. फरशीच्या सांध्यातून एक थेंब वर आला, फुगला आणि तिथंच थरथरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांपुढं उभे राहिले आणि भोकांचं सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"धक्का खचला असेल हो. लाकूड जुनं आहे. समुद्र वाढला असं कशावरून?"

"साहेब, धक्का ज्या जमिनीत रोवलाय त्याच जमिनीवर आळी उभी आहे. ती खाली जावो की पाणी वर येवो, बुडणार बेचाळीस घरंच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग आवाज आणखी गोड झाला.

"पट्टीवाले, तुम्हीच लिहिलेलं तुम्हीच खोटं म्हणणार? एकतीस वर्षांची चौकशी लागेल. चार महिन्यांनी आम्ही तुमचा निरोपसमारंभ करणार, तिथं लोक काय बोलतील? भोकं आणखी कुणी पाहिली?"

"घरात सांगितलंय."

"घरातलं घरात राहतं. गोदामातनं डांबर न्या. बुजवा, रंग द्या, पट्टी होती तिथं लावा. चूक कुणाची नाही. रीतच तशी होती."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी डांबर घेतलं. डबा हातात लटकवून ते घरी आले, चुलीवर तापवायला ठेवलं. एकतीस वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं. आता म्हातारपणी आळीतली माणसं म्हणणार, ह्या माणसानं आम्हाला खोट्या आकड्यांवर झोपवलं. डांबराचा वास घरभर पसरला. काकू सांजवात करायला आल्या, वास घेतला आणि दारातच थांबल्या.

"रोज दिवा लावताना मी तुमच्यासाठी काय मागते, ठाऊक आहे?"

त्यांनी डांबर ढवळणं थांबवलं.

"यांची नजर शाबूत ठेव, एवढंच. नजर गेली तर पट्टी कशी वाचतील? देवानं ठेवली हो, अजून चष्मासुद्धा नाही. आता दिसलंय, तर न दिसल्यासारखं कर, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

पट्टीवाल्यांनी चूल विझवली. डांबर डब्यातच गोठलं.

सुनावणीच्या दिवशीच वर्षातली मोठी भरती होती, दुपारी चारला. सकाळच्या ओहोटीला ते एकटेच धक्क्यावर गेले. पट्टी त्यांनी खांबावर लावली, पण आधी होती तिथं नाही. एकतीस भोकांतल्या सगळ्यात खालच्या भोकात, पहिल्या वर्षी स्वतःच्या तरण्या हातानं ठोकलेल्या जागी, लाल पट्ट्याच्या मधोमध त्यांनी खिळा मारला. वरची तीस भोकं उघडी ठेवली.

साडेतीनला मॅडम आल्या. काळा चष्मा, हातात जाड फाईल, मागं साहेब, आणि मागून सगळी आळी. साहेबांनी पट्टी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथं वाळलं.

"हे काय केलंत?"

"पहिल्या वर्षी होती तिथं ठेवली," पट्टीवाले म्हणाले. मग मॅडमकडे वळून त्यांनी रीत सांगितली, भोकं दाखवली, काही न लपवता. "वहीतला आकडा न आकडा मी पाहिलेला आहे. पण पट्टी दरसाल मीच वर नेली. आता अर्धा तास थांबा. मी काही बोलत नाही. तोच बोलेल."

कुणी हललं नाही. लाटा नव्हत्या. पाणी वर येताना दिसतच नव्हतं. एक आकडा होता, आणि पापणी लवून बघावं तर नव्हता. लाल पट्टा ओला झाला. लाल पट्टा गेला. होडीसुताराच्या तोंडून काहीतरी विनोद यायला हवा होता, तो आला नाही. पट्टीचं वरचं टोक क्षणभर पाण्याबाहेर बोटासारखं उभं राहिलं, मग तेही मिटलं.

मग पाणी पहिल्या उघड्या भोकापाशी पोचलं.

"फुस्स."

पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. दुसरं भोक. तिसरं. हवा निसटायची, एक बुडबुडा यायचा, की पुढचं. कुणी सुरुवात केली कळलं नाही, पण आळी मोजायला लागली, अगदी हलक्या आवाजात, मंत्र म्हणावा तशी. नऊ. दहा. ज्या वर्षी कुणाचं लग्न झालं ते भोक. ज्या वर्षी विहीर बांधली ते. एकोणीस. वीस. मॅडमनी चष्मा काढला होता. पट्टीवाल्यांना तो आवाज ओळखीचा होता. दोन दात पडलेला एक म्हातारा त्या लाकडात बसून एकेक वर्षाची कबुली देत होता, आणि दर वेळी त्यांची मान आपोआप हलत होती.

"तीस," आळी म्हणाली, आणि श्वास रोखून उभी राहिली. हे शेवटचं भोक, मागच्या वर्षीचं. पाणी इथं थांबायला हवं होतं.

पाणी आणखी बोटभर वर चढलं, आणि मग थांबलं.

मॅडम त्या कोऱ्या लाकडावरून पट्टीवाल्यांकडे वळल्या. "आजची नोंद काय कराल?" त्यांनी विचारलं.

पट्टीवाल्यांनी वही उघडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आकड्याचा रकाना सोडून त्यांनी शब्द लिहिले : 'पाणी पट्टीच्या वर. वाचता आले नाही.' आणि खाली सही केली.

सुनावणी शाळेत झालीच नाही. मॅडमनी फाईलवर उभ्याउभ्याच लिहिलं, की टेकडीला हात लावू नये, नव्यानं मोजणी डोंगरातल्या कातळावर खूण करून व्हावी, आणि तोवर खालच्या आळीला वर जागा बघावी. पट्टीवाल्यांनाही कागद आला. एकतीस वर्षांच्या चुकीचा लेखी खुलासा मागणारा. त्यांनी चार पानं लिहिली, तशाच मोत्यासारख्या अक्षरात, रीतीवर ढकललं नाही, गुरूचं नाव घातलं नाही. निरोपसमारंभ झाला नाही. होडीसुतार तेवढा निवृत्तीच्या संध्याकाळी दोन पेले घेऊन आला. एकात चहा. "दुसरा?" पट्टीवाल्यांनी विचारलं. "दुसरा विहिरीचा. सवय राहावी म्हणून," सुतार म्हणाला, आणि त्या वर्षात पहिल्यांदा त्याचे डोळेही हसले.

माळावर जागा मिळायला दीड वर्ष गेलं. खालच्या आळीतून सामान हलवलं त्या दुपारी पट्टीवाल्यांनी पिठाचा डबा उचलून गाडीत ठेवला आणि विटांसाठी परत आत आले. काकू रिकाम्या फरशीला शेवटचे हात जोडून उभ्या होत्या.

"विटा राहू देत," त्या म्हणाल्या.

"का गं? चांगल्या आहेत."

"ज्याच्यासाठी रचल्या, तो बघेल किती झाल्यात."

पट्टीवाल्यांनी दार ओढलं. फुगलेलं दार नेहमीसारखं अडेल म्हणून त्यांनी जोर लावला होता, पण ते या वेळी सहज, आतून कुणी लावून घ्यावं तसं मिटलं. दोघं गाडीपाशी पोचली. मागं बंद घरात, भर उन्हात, फरशीखालून एकदाच आवाज आला.

"फुस्स."

पट्टीवाल्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. भरतीची वेळ बरोबर झाली होती.